उणे तीन

दोन उभ्या रेघांच्या आत संख्या उणे असो की अधिक, बाहेर येताना तिची नुसती किंमत उरते. हे आम्हाला सीताबर्डीच्या शाळेत मास्तरांनीच शिकवलं होतं. पण वय काढायच्या उदाहरणांत उणे उत्तर आलं की त्यावर काट मारून ‘अग्राह्य’ लिहायचं, ही शिस्तही त्यांचीच. “उणे तीन वर्षांचा नवरदेव पाहिला काय गा कोणी?” असं विचारून ते माझ्याकडे बघत, आणि पोरं खिदळत. वर्गात मुलगी मी एकटीच. त्या माणसाचा मला मनापासून तिटकारा होता. गणित मात्र जीव की प्राण.

शाळेत जात राहायची परवानगी बाबांनी एकाच अटीवर दिली होती: मास्तरांची तक्रार घरी येता कामा नये.

एकदा फळ्यावर |क्ष − ४| = ७ आलं. नापास होऊन माझ्याच वर्गात बसलेला माझा मोठा भाऊ धरून सगळ्यांनी अकरा तेवढं ठेवलं आणि उणे तीन सवयीने काटलं. मी दोन्ही उत्तरं ठेवली. मास्तरांनी माझी वही वर्गासमोर नाचवली. “हिले अजून नवरदेवाचं वय समजत नाही!”

माझं डोकं फिरलं. मी उठले आणि फळ्यावर ताळा करून दाखवला. उणे तीनातून चार गेले, उणे सात. रेघांबाहेर आले, सात. इथे कोणाचं वय नाही, नुसती संख्या आहे, मग काटायचं कशाला? मास्तरांनी फळा पुसला आणि तास तसाच टाकून ते निघून गेले.

संध्याकाळी ते धंतोलीला आमच्या ओसरीवर चहा पीत बसले होते. “पोरगी हुशार आहे,” ते बाबांना म्हणाले, “पण चार लोकांत मोठ्या माणसाले खोटं पाडते. सासरी कसं होईल हिचं?”

ते गेल्यावर बाबांनी मला विचारलं, “उत्तर बरोबर होतं काय तुयं?”

“हो.”

“मंग चूप काहून नाही राहिली?”

दुसऱ्या दिवसापासून माझी शाळा बंद झाली. मी रडले, जेवले नाही. कोणी ढुंकूनही पाहिलं नाही.

थोड्याच दिवसांनी भाऊ वही घेऊन चुलीपाशी आला. मास्तर आता सगळ्यांकडून दोन्ही उत्तरं मागत होते, आणि दुसरं का ठेवायचं ते त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं. मी तोंड फिरवलं.

आई भाकरी थापता थापता म्हणाली, “सांग ना वं त्याले. त्याची परीक्षा आहे.”