आधी ऐकतो

वऱ्हाडात बोलणाऱ्या माणसांची टंचाई कधी पडली नाही. पण निव्वळ ऐकण्यावर ज्याचा संसार उभा राहिला, असा माणूस माझ्या पन्नास-बावन्न वर्षांच्या आयुष्यात मला एकच भेटला. ते अकोल्याचे. आम्ही त्यांना भाऊ म्हणतो. डाळ मिलच्या यंत्रांचे सल्लागार. नोकरी नाही, ऑफिस नाही, हाताखाली माणूस नाही. शर्टाच्या खिशात लाकडी मुठीचा एक लांब पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, आणि पाकिटात व्हिजिटिंग कार्डं. कार्डावर नाव, फोन नंबर आणि पदवीच्या जागी दोनच शब्द छापलेले: 'आधी ऐकतो'. मिलमध्ये गेले की चालू यंत्राच्या बेअरिंगवर पेचकसाचं टोक टेकवायचे, मूठ उजव्या कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मालक, मिस्त्री, पोती वाहणारे हमाल, सगळे आरतीला उभं राहावं तसे गप्प उभे. मिनिटभराने डोळे उघडून ते एकेका बेअरिंगकडे बोट दाखवत. "हे दिवाळी पाहते. ते नाई पाहत." आणि ते बेअरिंग खरोखरच दिवाळी पाहत नसे.

हा कान संध्याकाळी घरी आल्यावर बंद होत नसे, ही त्यांच्या घरच्यांची तक्रार होती. कुणाच्या घरी गेले की आधी फ्रीजकडे पाहत, मग यजमानाकडे. कलिंगडाच्या दिवसांत ते बाजारात गेले, की टिचकी मारून घ्यायला आपापलं कलिंगड हातात धरून बाया त्यांच्यामागे फिरत. फोन लागल्यावर ते 'हॅलो' म्हणत नसत, तीन-चार सेकंद नुसते ऐकत आणि मग म्हणत, "जेवले नाई वाटते अजून." अमरावतीला एका लग्नात आम्ही बरोबर होतो. हॉलमध्ये शिरल्या शिरल्या ते थबकले, छताकडे कान केला आणि तिसऱ्या ओळीवरच्या पंख्याखाली बसलेल्या नवरीकडच्या मंडळींना हात जोडून म्हणाले, "उठा जी, इकडे सरका. याचं बेअरिंग गेलं. पंधरवड्याच्या वर नाई चालत हा." नवरीचा मामा चिडला. "पंधरा दिवस आमी इथं बसणार आहोत का?" भाऊ शांतपणे म्हणाले, "जेवण उशिरा हाय म्हणते." अख्खी ओळ उठली. मला अंदाजावर विश्वास ठेवायची सवय नाही, म्हणून मी दर दोन दिवसांनी त्या हॉलवर फोन करत राहिलो. पंखा अकराव्या दिवशी बंद पडला.

माझी त्यांची ओळख अशाच एका मिलमधली. कारखान्यातली नोकरी सोडून मी नुकताच स्वतंत्र झालो होतो. कुठे किती वीज फुकट जाते ते मोजायचं आणि ती कशी वाचवावी ते सांगायचं, हा माझा धंदा. पहिल्या वर्षी मी अमरावतीला घरच्या पुढच्या खोलीत टेबल मांडून बसत असे. सकाळी दहाला बसायचं, सहाला उठायचं. मधल्या आठ तासांत कितीदा फोन वाजतो त्याची मी नोंद ठेवली होती. सरासरी दीड येत होती, आणि त्यातला एक बायकोचा, आतल्या खोलीतून, जेवायला बोलावण्यासाठी. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या मिलमध्ये मी मीटर लावून आकडे वाचून दाखवत होतो, तेवढ्यात भाऊंनी कानावरचा पेचकस काढला आणि माझ्याकडे पाहिलं.

"मीटरवाले, तुमच्या आवाजावर लोड आला हाय," ते म्हणाले. "सोमवारी सकाळी उठून तुमी कोणाले सांगता, आज काय करून राहिलो म्हणून?"

मी म्हणालो, "कोणालाच नाही."

"मंग दुसऱ्या रविवारी मूर्तिजापूरले या."

मूर्तिजापूरला, स्टेशनसमोरच्या एका खानावळीच्या मागच्या खोलीत, महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी अकराला आमच्यासारखी सात माणसं जमत. सगळे एकेकटे सल्लागार. वलगावच्या, माती तपासून कोणतं खत किती घालावं ते सांगणाऱ्या ताई. अकोल्याचे इमारतींचे नकाशे करणारे एक तरुण गृहस्थ. आणि असेच आणखी. भाऊ सगळ्यांना धंद्यावरून हाक मारत: मीटरवाले, मातीवाल्या ताई, नकाशेवाले. मूर्तिजापूर हा बरोबर मध्य आहे, असा त्यांचा दावा. मी एकदा मोजून दाखवलं, की मध्य बडनेऱ्यापासून धरला तर येतो. आम्हा अमरावतीकरांना दहा किलोमीटर जास्त पडतात. ते म्हणाले, "मंग बडनेऱ्यात राहाले जा."

या मंडळाला नाव नव्हतं, अध्यक्ष नव्हता. नियम मात्र एक होता, आणि तो भाऊंचा. इथे कुणी कुणाला सल्ला द्यायचा नाही. ज्याची अडचण असेल त्याने ती सांगायची, बाकीच्यांनी फक्त विचारायचं. पहिल्याच दिवशी मी म्हणालो, की सल्लागारांच्या बैठकीत सल्ला नाही, हे काही समजत नाही. "हलवायाच्या घरी कोणी पेढे घेऊन जाते का?" भाऊंनी विचारलं. "सल्ला तं आपून दिवसभर विकतो. आपल्याले कोणी इचारत नाई, तेवढंच इथं करायचं." नियम मोडणाऱ्याला शिक्षा होती: पुढचा अर्धा तास तोंड बंद ठेवून नुसतं ऐकायचं. मनगटावरच्या घड्याळात पाहून भाऊ वेळ लावत आणि तीस मिनिटं म्हणजे तीस मिनिटं. एकदा माझी पोह्यांची बशी समोर गार होत असताना मला मीठ मागता आलं नव्हतं. मी हिशेबी माणूस, त्यामुळे शिक्षांची नोंद माझ्याकडे आहे. माझ्या अकरा, ताईंच्या चार, नकाशेवाल्यांच्या मोजणं मी सोडून दिलं. भाऊंची एकही नाही.

वाटतं तेवढा हा नियम विक्षिप्त नव्हता. नकाशेवाले एकदा पुण्याला जायचं ठरवूनच आले होते. इथली माणसं नकाशा करून घेतात आणि भिंत गवंडी म्हणेल तिथे बांधतात, म्हणून. सगळ्यांनी तासभर प्रश्न विचारले. शेवटचा भाऊंचा. "पुण्यात भिंत सरळ बांधतीन, खरं हाय. डबा कोण बांधन?" नकाशेवाले अजून अकोल्यातच आहेत. ताईंना पहिल्या वर्षी शेतात गेल्यावर लोक विचारत, "बाई, तुमचे साहेब कवा येतीन?" हे सांगताना त्या रडकुंडीला आल्या होत्या. भाऊंनी विचारलं, "मंग तुमी काय म्हणलं?" ताई म्हणाल्या, "काहीच नाई." "काहून?" पुढच्या महिन्यात आल्या त्या हसत. "भाऊ, सांगतलं मी. म्हणलं, आले ना साहेब. चहा ठेवा." मलाही त्या खोलीत कुणी काही शिकवलं नाही. फक्त महिन्यातून एकदा सहा माणसं माझी वाट पाहतात, एवढी खात्री झाली, आणि टेबलापाशी बसणं सोपं झालं.

मोबाइलवरही आमचा एक गट होता. त्यावर भाऊ लिहीत नसत. यंत्रांचे आवाज पाठवत. दहा-बारा सेकंदांची घरघर आणि खाली प्रश्न: 'काय ऐकू आलं?' आम्हाला कुणालाच कधी काही ऐकू आलं नाही. असे महिन्याला बारा-चौदा आवाज येत. मग एका महिन्यात पाच आले. पुढच्यात एकही नाही. माझ्या ते लक्षात आलं होतं. त्याचा अर्थ लावण्याचं मी टाळलं.

बार्शीटाकळीकडच्या एका मिलमध्ये आम्हा दोघांनाही एकाच दिवशी बोलावणं होतं. धान्य वर चढवणाऱ्या यंत्राची मोटर नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त वीज ओढत होती, म्हणजे कुठेतरी काहीतरी घासत होतं. मी तसं म्हणालो. भाऊंनी पेचकस लावला, डोळे मिटले, या वेळी बराच वेळ. "ठणठणीत हाय," ते म्हणाले. मी माझ्या आकड्याकडे पाहिलं, त्यांच्या कानाकडे पाहिलं आणि आकडा वहीत लिहून वही मिटली. आठव्या दिवशी ते बेअरिंग जाम झालं आणि पट्टा तुटून भिंतीवर आदळला. तिथे उभा राहणारा माणूस पाणी प्यायला गेला होता, म्हणून वाचला. मालकाने जुन्या संबंधांमुळे भाऊंना एका शब्दाने विचारलं नाही. मला मात्र फोन करून म्हणाला, "तुमचा मीटर तं सांगून राहिला होता ना जी?"

त्यानंतरच्या रविवारी मी मूर्तिजापूरला पोचलो तेव्हा भाऊ आधीच आलेले होते. खोलीतला पंखा किरकिरत होता. हलकासा नव्हे, चहा घेता घेता बोलणं अवघड व्हावं इतका. मागच्या महिन्यातही तो आवाज करत होता, तेव्हा इतका नव्हता. आणि ज्यांनी एका लग्नातली अख्खी ओळ उठवली होती ते भाऊ बरोबर त्याच्याखालच्या खुर्चीत बसून, शेव बाजूला सारून, निवांत पोहे खात होते.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. नकाशेवाल्यांनी वर पाहिलं आणि लगेच मान खाली घातली. भाऊ पुढच्या आठवड्याबद्दल सांगत होते. आणखी दोन मिलमधून बोलावणं होतं. नोकरीत असते तर कुणीतरी निवृत्तीची तारीख ठरवली असती, नारळ-शाल दिली असती, दोन खोटी भाषणं केली असती. एकट्याने धंदा करणाऱ्याला ते सुख नाही. त्याला थांबायला सांगणारा कुणी नसतो. आणि भाऊंना ते सांगू शकतील अशी जगात जी सहा माणसं होती, त्यांना त्यांनीच नियम घालून दिला होता.

ताई माझ्याकडे झुकून म्हणाल्या, "तुमीच इचारा."

मी विचारलं, "भाऊ, हा पंखा कसा वाटतो?"

त्यांनी पहिल्यांदा 'काय म्हणले?' असं विचारलं. मी पुन्हा, मोठ्याने विचारलं. ते वर पाहू लागले. पंखा फिरत होता. मग त्यांनी आमच्या चेहऱ्यांकडे पाहिलं, एकेकाच्या, कडेपासून कडेपर्यंत. मिलमध्ये ते बेअरिंगांकडे असेच पाहत.

"आवाज करून राहिला का?"

मग ताई म्हणाल्या, "हाव, भाऊ."

"लई?"

"लई."

त्यांनी बशी खाली ठेवली. खिशातला पेचकस काढून टेबलावर आडवा ठेवला आणि सरळ केला. "बार्शीटाकळीले तो माणूस," ते म्हणाले, "पाणी प्याले गेला होता म्हणते." म्हणजे त्यांना कळलं होतं. बराच वेळ ते त्या लाकडी मुठीवरून अंगठा फिरवत राहिले. मग त्यांनी जे विचारलं, ते त्या खोलीत त्यांनी कधीही विचारलं नव्हतं.

"मी आता काय करू, मीटरवाले?"

त्या खोलीत सात माणसं होती आणि सातही सल्ला देऊन पोट भरणारी. सगळे माझ्याकडे पाहू लागले. माझ्या वहीतला तो आकडा मला दिसत होता. तो मी एकदा गिळला होता.

मी म्हणालो, "थांबा, भाऊ. कान तपासून घ्या. तोवर एकाही मिलमध्ये जाऊ नका."

त्यांनी मान हलवली. मग डाव्या हाताची बाही मागे सारली आणि घड्याळात पाहिलं. "सल्ला दिला तुमी," ते म्हणाले. "अर्धा तास."

मी गप्प बसलो. बाकीचेही बसले, त्यांना शिक्षा नसताना. समोर स्टेशनात गाडी येऊन गेली. ताईंनी डोळे पुसले आणि खिडकीकडे पाहत राहिल्या. पंखा वर तसाच रडत होता आणि त्याच्याखाली भाऊ डोळे मिटून, मान थोडी तिरपी करून बसले होते, मिलमध्ये यंत्र ऐकावं तसे.

पुढे त्यांनी कान तपासले. आता ते कानात यंत्र घालतात आणि त्या यंत्राचंच बेअरिंग गेलं आहे, अशी तक्रार करतात. मिलमध्ये जात नाहीत. दुसऱ्या रविवारी मूर्तिजापूरला मात्र येतात, आणि विचारतात. फोनवर अजूनही आधी गप्प राहतात. पूर्वी तीन-चार सेकंद असत, आता नऊ-दहा होतात. मी थांबतो.

त्या दिवशीचं एक मात्र माझ्या नोंदीत आहे. इतक्या वर्षांत त्यांनी कुणाच्या शिक्षेतलं एक मिनिट कमी केलं नव्हतं. माझ्या घड्याळात अठ्ठाविसावं मिनिट चालू असताना त्यांनी डोळे उघडले.

"बोला आता," ते म्हणाले. "लई शांत वाटून राहिलं."