सीडीवरचं कुंकू

गेल्या दसऱ्याला आईने कॉम्प्युटरची पूजा केली आणि भाऊंच्या गेमच्या सीडीलाही हळदकुंकू लावलं, नेमकं चकचकीत बाजूला. भाऊ म्हणजे माझे वडील. निवृत्तीनंतर ते त्या गेममध्ये एक गाव वसवत होते. तळं, शाळा, झाडांचे रस्ते. कुंकू पुसताना सीडीवर चरे पडले. गाव कॉम्प्युटरमध्येच होतं, पण आत सोडण्याआधी गेम दर वेळी मूळ सीडी मागायचा, आणि आता ती त्याला ओळखू येईना. नवी द्यायला कंपनीच उरली नव्हती.

शेजारच्या काकांकडे तोच गेम होता, फुकटातला. त्यातली सीडीची अट कुणीतरी काढून टाकलेली. "भाऊ, माझी कॉपी घ्या की," ते म्हणाले.

"विकत घेतलाय मी. स्वतःच्याच घरात चोरासारखा कशाला शिरू?"

चोरासाठी लावलेलं कुलूप चोराला दिसतही नाही. त्याच्यापुढे रोज ताटकळतो तो घरधनीच. मला चीड येते ती याची.

आज पुन्हा दसरा. आईने झेंडूचं फूल लांबूनच वाहिलं. स्क्रीनवर तीच ओळ होती: मूळ सीडी घाला. आत भाऊंचं गाव, आणि वेशीबाहेर भाऊ, खरी सीडी हातात धरून.