छपराचा राखीव निधी

नोव्हेंबरचा दुसरा शनिवार. परदेशातल्या आमच्या क्लबच्या स्की-लॉजची वार्षिक सभा. हजर: अध्यक्ष हायडे, खजिनदार म्हणून मी, नऊ सभासद आणि माडीवर गळतीखाली ठेवलेली बादली. गैरहजर: काका.

काका माझ्याआधी चौदा वर्षं खजिनदार होते आणि त्यांनी एकदाही स्की पायात घातली नाही. "घसरायला पैसे कशाला मोजायचे? चिपळूणला मागीलदारी शेवाळावर फुकट घसरायचो." लोकरी मोज्यांवर रबरी चपला घालून ते खोल्यांचं भाडं गोळा करत. बिअर घेऊन यादीत आपल्या नावापुढे रेघ ओढायला विसरलेल्याला सगळ्यांदेखत नावानिशी हाक मारत.

आमच्यासारख्या सेवाभावी संस्थेला शिल्लक नुसती साठवता येत नाही, असा इथला नियम. ठरलेल्या कामासाठी मात्र राखून ठेवता येते. काकांचं ठरलेलं काम एकच, छप्पर. दरवर्षी निधीत भर पडे आणि दरवर्षी छप्पर गळे.

मी वैतागून म्हटलं, "अहो काका, दुरुस्त करून टाका ना एकदाचं!"

"अगं, छप्पर झालं की निधी संपला. मग वाईट दिवस आले तर काय, बादली विकायची?"

मला तो निव्वळ चिक्कूपणा वाटला. मग लागोपाठ तीन हिवाळे बर्फच पडला नाही. स्कीवाले फिरकले नाहीत. चौथ्या वर्षी बॉयलरने मान टाकली. थंडगार लॉज भाड्याने घेणार कोण? हायडे डोळे पुसत म्हणाली, "विकून टाकूया."

काकांनी फाइल उघडली. "छपराचे पैसे बॉयलरला वळवायचे तर सभेची संमती लागते. हात वर करा. भिजायची भीती असेल त्यांनी छत्री आणा."

सगळे हात वर गेले. बॉयलर आला. पाठोपाठ काकांनी डोंगर भटकणारे, गाण्याचे ग्रुप आणि आपली मराठी कुटुंबं गोळा केली. लॉज तगलं.

गेल्या वर्षी ऑपरेशनला जाताना त्यांनी फाइल माझ्या हातात दिली. "छपराची घाई करू नकोस," म्हणाले. परत आले नाहीत. फाइलच्या शेवटच्या पानावर छपरवाल्याचा नंबर होता, त्यांनी पहिल्याच वर्षी लिहून ठेवलेला.

आता निधी पुन्हा भरलाय. गेल्या सभेत दुरुस्ती एकमताने मंजूर झाली. फोन मी करायचा होता.

आज हायडेने विचारलं, "केलास का फोन?"

"आल्झो... म्हणजे... लागत नाही."

निघताना लॉज बंद करायच्या कामांची यादी तपासली. खिडक्या बंद. कचरा बाहेर. बादली रिकामी. छपरवाल्याला फोन, बाकी.