अक्काच्या पत्रांतलं गाणं

लोक मला दिग्दर्शक म्हणतात, त्यात त्यांचा चांगुलपणा जास्त आहे. मी तीन चित्रपट सुरू केले. त्यातले दोन पुरे झाले आणि एकच चालला. तो चालला एका गाण्यामुळे. गाण्याखाली कवी म्हणून माझं नाव होतं. ते गाणं कसं झालं आणि त्यानंतर काय झालं, हे मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही.

आमचं गाव परतूरजवळचं. मी चालायला लागायच्या आतच आई गेली. वडील शेतात असायचे. मला सांभाळलं ते आठ वर्षांनी मोठ्या बहिणीनं. मी तिला अक्का म्हणायचो आणि ती मला लहान्या म्हणायची. पुढं माझे केस पांढरे व्हायला लागले तरी लहान्याच. मी सहा वर्षांचा असताना तिचं लग्न होऊन ती जाफराबादला गेली. त्या दिवशी मी तिच्या गाडीमागं वेशीपर्यंत पळालो आणि तिथं बसून राहिलो. वडील येऊन मला उचलून घेऊन गेले, पण बोलले काहीच नाहीत. आमच्या घरात बोलणं असं नव्हतंच. बोलायची ती अक्काच.

ती वीस वर्षांची असताना तिचा नवरा तापानं गेला. मूलबाळ नव्हतं. सासरच्यांनी तिला हाकललं नाही, वाईटही वागवलं नाही. मागच्या अंगाची एक खोली दिली आणि वेगळी चूल मांडून दिली. घरात माणसं भरपूर होती, पण तिच्याशी कामापुरतंच बोलायची.

मी तेव्हा जालन्याला शिकत होतो. निजामाचं राज्य, त्यामुळे शाळेत सगळं उर्दूत. मराठी मला वडिलांनी घरी शिकवली होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी जाफराबादला जायचो आणि मला येत होती तेवढी मराठी अक्काला शिकवायचो. दोन उन्हाळ्यांत ती लिहायला लागली. अक्षर वेडंवाकडं, काना-मात्रेचा मेळ नाही, पण लिहायची ती अगदी बोलल्यासारखं.

शाळेत मला कवितेचा नाद लागला. उर्दूचे मास्तर वयस्कर होते. माझी वही ते कौतुकानं तपासायचे. एकदा वही परत देताना म्हणाले, "बहर बराबर है मियाँ, लफ्ज भी बराबर हैं. मगर इसमें आदमी कहाँ है?"

बहर म्हणजे वृत्त. मला राग आला. पण ते बोलले ते खोटं नव्हतं. मी जे लिहायचो ते सगळं ऐकीव होतं.

पुढं जालन्याला फिरत्या सिनेमाचा तंबू आला. चित्रं मुकी होती. मधून मधून पडद्यावर अक्षरं यायची आणि ती मोठ्यानं वाचून दाखवायला माणूस लागायचा. ते काम मला मिळालं. अक्षरं कधी इंग्रजीत असत, कधी उर्दूत. मी ती मराठीत सांगायचो आणि जमेल तिथं स्वतःच्या दोन ओळी घुसडून द्यायचो. लोकांना ते आवडायला लागलं. तंबूच्या मालकाची कोल्हापूरच्या एका फिल्म कंपनीत ओळख होती. त्यानं चिठ्ठी दिली आणि मी एक वळकटी घेऊन कोल्हापूरला गेलो. वडिलांनी स्टेशनवर निरोप दिला. त्यांना मी पाहिलं ते तेवढंच शेवटचं.

कंपनीत मी आठ वर्षं पडेल ते काम केलं. उन्हात रिफ्लेक्टर धरले, नटांकडून संवाद पाठ करून घेतले, मग संवाद लिहू लागलो, मग गाणी. राहायला एका सुताराच्या माडीवर खोली होती. तिथं माझ्याकडं येणारं एकच माणूस म्हणजे पोस्टमन, आणि त्याच्याकडं असायचं ते अक्काचं पत्र.

ती पत्रं मी अजूनही विसरलेलो नाही. पाऊसपाणी आणि तुरीची हकिकत झाली की ती मधेच एखादं वाक्य लिहून जायची. एकदा लिहिलं होतं, 'आडात घागर सोडली की खालून आवाज येतो. घरात मला ओ देणारा तेवढाच.' एकदा लिहिलं होतं, 'पीठ मळायला बसले की हात दोघांचंच पीठ घेतात. इतकी वर्षं झाली, हातांना अजून कळलं न्हाई.'

ते वाचून अक्काचं दुःख मला कळलं नाही असं नाही. ते कळलं, रडूही आलं. पण त्याचबरोबर मी वही ओढली हेही खरं आहे. तासाभरात ओळी झाल्या:

पीठ मळाया बसता, हात दोघांचे घेतात
कसे सांगू मी हातांना, कोण उरले घरात

कंपनीचे मालक, ज्यांना आम्ही शेठ म्हणायचो, त्यांनी त्या ओळी ऐकल्या आणि म्हणाले, "याच्याभोवती चित्र उभं कर. तूच कर." अशा रीतीनं मी दिग्दर्शक झालो. एका तरुण विधवेची गोष्ट लिहिली. त्यात आडही आला, मागच्या अंगाची खोलीही आली. पत्रं माझ्या पेटीत होती. अडलं की मी पेटी उघडायचो.

चित्र चाललं. पुण्यात चाललं, नागपुरात चाललं, आणि एक दिवस जालन्याला नव्यानं झालेल्या पत्र्याच्या थिएटरात लागलं. मला वाटलं, अक्काला दाखवलंच पाहिजे. मी जाफराबादला गेलो. तिनं आयुष्यात सिनेमा पाहिला नव्हता. तिच्या सासऱ्यांना मी हात जोडून विचारलं. ते म्हणाले, "जाऊ द्या. भावाचं काम हाय, तर पाहू द्या." आम्ही भोकरदनपर्यंत बैलगाडीनं आणि तिथून सर्व्हिस मोटारीनं, म्हणजे तेव्हाच्या बसनं, निघालो. वाटेत तिनं मला दहादा विचारलं, "लहान्या, ती माणसं खरीच हालतात का रे?"

आठवड्यातून एक दुपारचा खेळ फक्त बायकांसाठी असायचा. त्याला सगळे जनाना खेळ म्हणायचे. मराठी बाया यायच्या, बुरख्यातल्या बाया यायच्या, आणि पुरुषांना आत मज्जाव असायचा. मी थिएटरच्या मालकाला म्हणालो, चित्र मीच केलं आहे, मागं उभं राहू द्या. तो हसून म्हणाला, "साहेब, तुम्ही केलं असंल. पण जनाना म्हणजे जनाना."

मग मी बाहेर पत्र्याच्या सावलीला उभा राहिलो. माझं स्वतःचं चित्र मला भिंतीतून ऐकू येत होतं. कोणता प्रसंग चालू आहे ते मला संवादावरून कळत होतं. अक्का आत कुठं बसली आहे, तिचा चेहरा कसा झाला आहे, ते मात्र कळत नव्हतं. गाणं लागलं. आतला गलका एकदम थांबला. मग कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला, मग आणखी कुणी. मला अभिमान वाटला. आता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा अभिमानच वाटला.

खेळ सुटला. बाया डोळे पुसत बाहेर आल्या. अक्का सगळ्यात शेवटी आली. तिचे डोळे कोरडे होते. मी विचारलं, "कसं वाटलं?" ती म्हणाली, "मोटार कधी हाय?"

आम्ही परतीच्या मोटारीत बसलो. राजूरला मोटार थांबते. लोक उतरून गणपतीला जाऊन येतात. आम्हीही उतरलो. दर्शन झाल्यावर ती पायरीवर बसली आणि म्हणाली, "ते पिठाचं माझं हाय."

मी म्हणालो, "हो अक्का. तुझंच आहे ते. म्हणून तर लोकांना एवढं लागलं."

"मी ते तुला लिवलं होतं. लोकायला न्हाई."

"तुझं नाव कुठंच नाही त्यात. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलं ना," ती म्हणाली. "माझ्या बाजूला एक बाई रडत होती. मला वाटलं, आता ही वळून माझ्याकडंच पाहती. मी पदरात तोंड घालून बसले. ती पडद्यावरली बाई माझं बोलून राह्यली आन् मी आपली चोरावानी बसलेली."

मी म्हणालो, "चुकलं माझं."

ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती समोरच्या पेढ्याच्या दुकानाकडं पाहत होती. तिकडंच पाहत म्हणाली, "मंग आता मी कोणाला लिवू?"

मोटारवाल्यानं हाक मारली आणि आम्ही उठलो.

पत्रं बंद झाली नाहीत. पण त्यानंतरच्या पत्रात एवढंच असायचं: सर्व खुशाल आहेत, तुरीला फूल बरं आहे, तब्येतीस जपणे. अक्षर मात्र पूर्वीपेक्षा सुधारलं होतं.

शेठ म्हणत होते, तसंच एक गाणं आणखी दे. मी बसायचो, वही उघडायचो आणि तशीच मिटायचो. पेटीतली जुनी पत्रं होती, त्यांना हात लावायचा नाही असं मी ठरवलं होतं. त्यांच्याशिवाय माझ्यापाशी काय होतं, ते दुसऱ्या चित्रात सगळ्यांनाच दिसलं. ते आठवडाभरात उतरलं. तिसरं अर्ध्यात असताना युद्धामुळे कोरी फिल्म मिळेनाशी झाली. कंपनीनं आधी शूटिंग थांबवलं आणि मग दारच लावलं. मला घर नव्हतं, संसार नव्हता. लग्न कर असं म्हणायला वडील उरले नव्हते, आणि माझं मलाही ते कधी सुचलं नाही. मी जालन्याला परत आलो आणि एका सरकीच्या व्यापाऱ्याकडं पत्रं लिहायचं काम धरलं. मराठी, उर्दू, थोडी इंग्रजी. जालन्यात फारसं कुणी मला ओळखत नव्हतं. गाणं मात्र सगळ्यांना येत होतं. शेजारची एक बाई भांडी घासताना तेच म्हणायची, आणि मी खिडकी लावून घ्यायचो.

मग देश स्वतंत्र झाला, पण निजाम सामील होईना, आणि संस्थानात गडबडीचे दिवस आले. जाफराबादकडचे बरेच लोक सरहद्द ओलांडून वऱ्हाडात गेले. अक्काची सासरची माणसंही गेल्याचं कळलं. मी शोधत शोधत पलीकडच्या एका गावी पोचलो. तिथं कापसाच्या बंद पडलेल्या जिनिंग कारखान्यात पन्नासेक कुटुंबं उतरली होती. अक्का चुलीला फुंकर घालत होती. मला पाहून म्हणाली, "आलास? बस. भाकर व्हायलीच." जणू मी शेतातून आलो होतो.

आम्ही तिथं काही महिने राहिलो. लहानपणानंतर एका छपराखाली एवढे दिवस कधीच राहिलो नव्हतो. मी लोकांची पत्रं लिहून द्यायला लागलो. मागं राहिलेल्यांना, दूरच्या पाहुण्यांना. बायांना माझ्यापुढं सांगायला संकोच व्हायचा, तेव्हा त्या अक्काकडं जाऊ लागल्या. ती मांडीवर पाटी घेऊन तिच्यावर कागद ठेवायची आणि त्या सांगतील ते लिहायची. एकदा एक सासुरवाशीण माहेरी पत्र सांगत होती. सांगता सांगता ती नवऱ्याबद्दल काही बोलून गेली. अक्कानं लेखणी थांबवली आणि विचारलं, "हे लिवू का? का नुसतं मला सांगून राह्यलीस?"

ती बाई म्हणाली, "न्हाई. ते राहू द्या. तुमालाच सांगितलं."

अक्कानं मान हलवली आणि पुढचं लिहायला घेतलं. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. मुद्दाम मला ऐकवावं असा तिचा स्वभाव नव्हता. पण मी पलीकडच्या खांबाला टेकून बसलो होतो, आणि एवढा साधा प्रश्न मला कधी सुचला नाही याचं मला फार वाईट वाटलं.

पावसाळा सरता सरता बातमी आली की संस्थान हिंदुस्थानात सामील झालं. लोक गाड्या जुंपू लागले. निघायच्या सकाळी मी अक्काला म्हणालो, "तुझा राग गेला नसंल तर बोल. एकदा तरी बोल."

ती भांडी पोत्यात भरत होती. म्हणाली, "राग तव्हाच गेल्ता रे. राग किती दिवस राहतो?"

"मग पहिल्यासारखं का लिहीत नाहीस?"

ती हात थांबवून विचार करायला लागली. मला बरं वाटावं म्हणून काही बोलणं तिला जमलं असतं, पण तिनं तसं केलं नाही. "येत न्हाई," ती म्हणाली. "लिवायला बसले की वाटतं, हे कसं दिसंल. पहिलं तसं वाटत नव्हतं."

ती जाफराबादला गेली, मी जालन्याला. पुढं मी चित्रपटाच्या वाटेला गेलो नाही. कविता लिहीत राहिलो. त्या माझ्याच खोलीतल्या, माझ्याच दिवसांच्या आहेत आणि त्यांना कुणी चाल लावलेली नाही. डोळ्यांच्या औषधासाठी अक्का वर्षातून एकदोनदा जालन्याला यायची. भिंतीला टेकून बसायची. मी तिला नवी कविता वाचून दाखवायचो. ती पूर्ण ऐकायची, मधे बोलायची नाही. झाल्यावर म्हणायची, "बरी हाय." मग चहा मागायची, आणि आम्ही दोघं चहा पीत मोटारीच्या वेळेची वाट पाहायचो.