ङमधला ठिपका

नृसिंह विनायक बेलापुरे यांनी नगरच्या एका शाळेत एकतीस वर्षं चित्रकला शिकवली. निवृत्तीच्या दिवशी शाळेनं त्यांना शाल आणि मानपत्र दिलं. मानपत्र वाचून झाल्यावर त्यांनी आभार मानले आणि मुख्याध्यापकांना हळूच सांगितलं की यातल्या 'श्री'ची वेलांटी फार मागे पडली आहे. मुख्याध्यापकांनी मान डोलावली. त्यांना वेलांटी दिसत होती, मागे पडलेली दिसत नव्हती.

हे १९९६ साल. नगरमध्ये तोवर गल्लोगल्ली कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका निघू लागल्या होत्या आणि त्यांवरची अक्षरं बेलापुरे सरांना बघवत नव्हती. काना सुतळीसारखा लोंबतो, मात्रा टोपीसारखी उडते, असं ते म्हणत. मुलगी मैत्रेयी चित्रकलेची पदविका घेऊन घरी होती. ती एकदा म्हणाली, "अण्णा, रोज नावं ठेवता, त्यापेक्षा आपणच काढू." निवृत्तीच्या पैशातून कॉम्प्युटर आला, अक्षरं काढायचा प्रोग्रॅम आला, आणि सावेडीतल्या घरात बापलेक कामाला बसले.

त्या वेळच्या मराठी फॉन्टला एकशे नव्वदच्या आसपास आकृत्या लागत. साधी अक्षरं सरांची, जोडाक्षरं मैत्रेयीची. प्रत्येक आकृती आधी आलेखाच्या कागदावर, मग पडद्यावर. एकट्या 'क्ष'ला मैत्रेयीचे सतरा कागद गेले. दोन वर्षांनी संच पूर्ण झाला. नगरच्या नदीवरून त्याला सीना हे नाव दिलं.

तो विकायचा कसा, हे सम्राट भिंगारदिवेनं सांगितलं. सम्राट श्रीगोंद्याकडचा, सरांचा जुना विद्यार्थी. चितळे रोडवर त्याचा कॉम्प्युटरचा क्लास होता आणि इंटरनेटचं कनेक्शन होतं.

"सर, दुकानात फ्लॉपी ठेवली की पहिलं गिऱ्हाईक विकत घेतं, बाकीचे त्याच्याकडनं नेतात," तो म्हणाला. "आपन इंटरनेटवर ठेवू. अमेरिकेत, लंडनमधी लई मराठी लोक हायेत. त्यांना मराठी लिहायला अक्षर न्हाई."

"आणि तिथे चोरी होत नाही?"

"हुती की. त्याचाच विचार करायचा."

विचार तिघांनी मिळून केला. अमेरिकेतल्या एका कंपनीच्या फुकट जागेवर सम्राटनं पान उभं केलं. तिथे नमुन्याची प्रत कोणालाही उतरवून घेता यायची, पण तिच्यात बारा अक्षरांच्या जागा कोऱ्या होत्या. पूर्ण प्रत हवी असेल त्यानं पत्र आणि ड्राफ्ट पाठवायचा. मग सम्राट त्याच्या नावाची प्रत, कोणाला अंदाजानं सापडणार नाही अशा नावाच्या कप्प्यात ठेवायचा, कप्प्याचा पत्ता फक्त त्याला कळवायचा आणि आठव्या दिवशी कप्पा पुसून टाकायचा.

"पण उतरवून घेतल्यावर त्यानं मित्राला दिली तर?" मैत्रेयीनं विचारलं.

यावरचा उपाय चित्रकलेच्या मास्तरांचा होता. मराठीत ङ हे अक्षर जवळजवळ कोणी वापरत नाही. सर म्हणाले, प्रत्येक गिऱ्हाइकाच्या प्रतीत ङच्या शेजारचा ठिपका केसभर सरकवू. एकाचा वर, एकाचा खाली, पडद्यावरच्या जाळीत कोणाचा आठ घरं, कोणाचा वीस. वाचणाऱ्याला कळणार नाही. आपल्याला वहीत बघून कळेल की प्रत कोणाकडून फुटली. ठिपका नेमका मधोमध असलेली प्रत एकच, घरातली.

मैत्रेयीनं नियम केला. "घरच्या माणसालाही सूट नाही. मामा असो, नाहीतर मावशी. ठिपका हलवल्याशिवाय फ्लॉपी उंबऱ्याबाहेर जायची नाही."

"आनि मी?" सम्राट म्हणाला.

"तू तर पहिला."

तो हसला. त्यालाही खरोखरच कधी मूळ प्रत मिळाली नाही. सर ठिपका हलवून फ्लॉपी द्यायचे, तो ती चढवायचा.

१९९८च्या डिसेंबरात मैत्रेयीचं लग्न झालं. जावई सुश्रुत संगमनेरला एका खासगी कंपनीत नोकरीला. हसतमुख, मोकळा मुलगा. मैत्रेयीनं जाताना अक्षरांचा प्रोग्रॅम बरोबर नेला, फॉन्ट नेला नाही. तिला आता सीनाचा जाड संच करायचा होता, आणि जाड अक्षर बारीक अक्षर फुगवून होत नाही, ते पहिल्यापासून काढावं लागतं, हे तिला वडिलांनीच शिकवलं होतं. महिन्याला दहा-बारा अक्षरं फ्लॉपीवरून नगरला यायची. दर रविवारी सकाळी फोन यायचा. त्यात सासरची खबरबात दोन मिनिटं आणि 'द्ध'चं पोट पंधरा मिनिटं.

पुढच्या उन्हाळ्यात अधिक ज्येष्ठ आला. लग्नानंतरचा पहिला धोंड्याचा महिना. सरांच्या पत्नी नीलांबरीबाईंनी तेहेतीस अनारसे तळले, तांब्याचं ताट आणलं आणि त्यावर कासाराकडून जावयाचं नाव घालून घेतलं. सरांनी सुश्रुतला विचारलं, "सुश्रुतराव, अंगठी करायची म्हणतो. माप द्या."

"अंगठी नको, अण्णा. मी घालत नाही. द्यायचंच तर सीनाची पूर्ण प्रत द्या. ऑफिसात मराठी पत्रं करायची असतात, ती कसल्या अक्षरांत करतात ते बघाल तर जेवण जाणार नाही तुम्हाला."

मैत्रेयी खुश झाली. नवऱ्यानं सोनं सोडून तिची अक्षरं मागितली होती.

सर कॉम्प्युटरवर बसले. वहीत चौतिसाव्या ओळीवर लिहिलं: सुश्रुत, वर उजवीकडे, बारा घरं. पडद्यावर ङ उघडला, ठिपका बारा घरं वर उजवीकडे नेला, आणि थांबले. मग परत मधोमध आणून ठेवला.

नीलांबरीबाई दारात उभ्या होत्या. "काय झालं?"

"ही चोर ओळखायची खूण आहे. जावयाच्या ताटात ती कशी ठेवू?"

"ताटावर नाही का नाव घातलं?"

"ते मानाचं. हे संशयाचं."

फ्लॉपी अनारशांच्या ताटात, दिव्याशेजारी गेली. ओवाळून झाल्यावर मैत्रेयीनं वडिलांना बाजूला घेऊन विचारलं, "ठिपका हलवलात ना?"

"हलवला," सर म्हणाले.

सप्टेंबरात एका कॉलेजनं त्यांना हस्ताक्षर स्पर्धेचे परीक्षक म्हणून बोलावलं. सभागृहाच्या दारातच त्यांना सीना दिसला. व्यासपीठामागच्या फळ्यावर लाल रेडियमची फूटभर उंचीची अक्षरं चिकटवली होती: वाङ्मय मंडळ. तोवर सीनाचे एक्केचाळीस ग्राहक झाले होते आणि त्यांत नगरचा एकही नव्हता.

कार्यक्रम संपेपर्यंत ते खुर्चीत बसून राहिले. बक्षिसं दिली, दोन शब्द बोलले. मग सभागृह रिकामं झाल्यावर स्टुलावर चढले आणि निमंत्रणपत्रिकेची कड लावून ङचा ठिपका मोजला. वरून, खालून, बाजूनं. एक्केचाळीस ग्राहकांचे ठिपके कुठे ना कुठे सरकलेले होते. हा मधोमध होता. मधोमध ठिपक्याच्या प्रती जगात दोनच होत्या. एक सावेडीत, एक संगमनेरला.

फळ्यावरची अक्षरं कापून देणाऱ्या रेडियमवाल्याला सरांनी गाठलं, तेव्हा त्यानं लपवाछपवी केली नाही. "सर, सीडीत आलाय. पाचशे मराठी फॉन्ट. पुन्यात रस्त्यावर मिळती. तुमाला पायजे का?"

सर ती सीडी घेऊन सम्राटकडे गेले. सम्राटनं ङ मोठा करून बघितला आणि बराच वेळ माऊसवरचा हात काढला नाही.

"सर, ही तुमची प्रत हाय."

"हो."

"कुनाला दिलीत?"

"आठवत नाही."

"तुमाला?" सम्राट म्हणाला. "आठवीत मी कुठल्या रंगपेटीतला हिरवा हरवला ते आठवतं तुमाला."

सम्राटनं वही मागितली, त्यांनी दिली. त्यानं बेचाळीस ओळींवरून बोट फिरवलं. चौतिसाव्या ओळीवरूनही फिरवलं. तिथे वर उजवीकडे बारा असं लिहिलेलं होतं, म्हणून ते बोट तिथे थांबलं नाही.

त्याच महिन्यात अमेरिकेतलं एक महाराष्ट्र मंडळ आपल्या मासिकासाठी आणि साठ-सत्तर घरांसाठी सीना घेणार होतं. सम्राटनं त्यांना कळवलं की फॉन्ट आमच्याच हातून फुटला आहे, तुम्ही विकत घेणं बरोबर नाही. मग त्यानं पान उतरवलं. शेवटचा कप्पा पुसला तेव्हा सर शेजारी बसलेले होते. "चहा घेता?" सम्राटनं विचारलं. त्यांनी नको म्हटलं. दिवाळीआधीच सम्राटनं क्लास दुसऱ्याला दिला आणि तो पुण्याला नोकरीला गेला.

मैत्रेयीला सरांनी रविवारी फोनवर सांगितलं.

"मधोमध?" ती म्हणाली. मग हळू आवाजात, "अण्णा, सुश्रुतच्या प्रतीत ठिपका हलवला होतात ना?"

"वहीत आहे. वर, उजवीकडे."

पलीकडे तिनं श्वास सोडला तो त्यांना ऐकू आला. तिची भीती गेली आणि रागाला वाट मिळाली.

"मग आपल्या घरातून गेला. तुमच्या हातून."

"हो."

"नियम मी केला होता, अण्णा. मामालासुद्धा सूट नाही म्हटलं होतं. सतरा कागद एका 'क्ष'चे. आणि तुम्हाला आठवतही नाही?"

"चुकलं माझं."

"चुकलं," ती म्हणाली. "ठीक आहे." फोन ठेवला.

नीलांबरीबाई भाजी निवडत होत्या. "खरं सांगायचं होतं," त्या म्हणाल्या.

"काय सांगू? नवऱ्यानं तुझी अक्षरं वाटली म्हणून?"

"त्यांना माहीतही नसेल काही."

"म्हणून तर. त्यांचा गुन्हा एवढासा आणि तिला आयुष्यभर पुरेल. खूण केली असती तर पहिल्याच दिवशी त्यांना सांगता आलं असतं की सांभाळून वापरा. मी सांगितलंच नाही."

त्यानंतर रविवारचे फोन नीलांबरीबाईंसाठी येऊ लागले. जाड सीनाची अक्षरं येणं बंद झालं. शेवटच्या फ्लॉपीत 'ध'पर्यंतची होती. गावात मात्र सीना पसरत गेला. रसवंतीगृहावर आला, पतसंस्थेच्या पाटीवर आला, चितळे रोडवरच्या एका श्रद्धांजलीच्या फलकावर आला. बेलापुरे सर ओळखीच्या रस्त्यांनी जाणं टाळू लागले. बाजाराला मागच्या गल्लीतून जात.

दिवाळीला मुलगी-जावई आले. पाडव्याच्या सकाळी फराळाला बसले असताना सुश्रुत उत्साहानं म्हणाला, "अण्णा, तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. आमच्या ऑफिसात सगळे सीनाच वापरतात. मी स्वतः सगळ्यांच्या मशीनवर टाकून दिला. एकजण तर पुण्याच्या भावासाठी घेऊन गेला. सासऱ्यांनी काढलाय म्हटल्यावर कोणाला खरं वाटेना."

"असं?" सर म्हणाले. "चिवडा घ्या अजून."

मैत्रेयी बशीतल्या शंकरपाळ्याकडे बघत होती. तिला नवल वाटल्याचं दिसलं नाही.

दहाच्या सुमाराला सुश्रुत मित्राला भेटायला गेला. मैत्रेयीनं पर्समधून फ्लॉपी काढून वडिलांच्या टेबलावर ठेवली.

"आमच्या घरच्या मशीनवरची प्रत आहे. सुश्रुतची. वहीशी ताडून बघा."

"कशाला?"

"बघा ना, अण्णा."

सरांनी चष्मा लावला, फ्लॉपी घातली आणि ङ उघडला. मैत्रेयी त्यांच्या मागे उभी राहिली, पूर्वी काम करताना उभी राहायची तशीच, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून.

ठिपका मधोमध नव्हता. वर, उजवीकडे होता.

जूनमध्ये तो मधोमध ठेवून दिलेला त्यांना पक्कं आठवत होतं. संगमनेरच्या त्या घरात अक्षराला हात लावू शकणारं माणूस एकच होतं. सरांनी घरं मोजली. एकदा, आणि पुन्हा एकदा. नऊ होती. वहीत बारा लिहिलं होतं. फोनवर त्यांनी तिला दिशा सांगितली होती, आकडा सांगितला नव्हता.

"किती?" मैत्रेयीनं विचारलं.

त्यांनी वही उघडली, चौतिसाव्या ओळीवर बोट ठेवलं आणि आकडा बोटाखाली झाकला.

"नऊ," ते म्हणाले. "वहीतही नऊच आहे. बरोबर आहे."

"मग सुश्रुतचा प्रश्न नाही."

"नाही."

खुर्चीवरचा हात थोडा वेळ तसाच राहिला. मग निघाला. आत नीलांबरीबाईंनी तिला हाक मारली, भाऊबिजेचं सामान काढायचं होतं. ती गेली.

सरांनी फ्लॉपी काढून तिच्या पर्सशेजारी ठेवली. ओठांत ब्लेड धरून टेबलाचा खण उघडला, रबर शोधलं, चौतिसाव्या ओळीतला बारा आधी खरवडून मग खोडून काढला आणि त्या जागी, आपल्या नेहमीच्या अक्षरात, नऊ लिहिलं.