आक्काचं रगत

"बघा ताई, आक्का हाय का आत?"

सुभेदारांनी बाही दंडापर्यंत चढवायची, हात टेबलावर उताणा ठेवायचा आणि हे विचारायचं. नवखा माणूस बुचकळ्यात पडायचा, म्हणून तुम्हाला आधी सांगते.

मी सांगलीत एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते. सुभेदार रहिमतपूरचे, फौजेतून निवृत्त झालेले. त्यांच्या हाडांतला मगज नीट रक्त तयार करीनासा झाला, तेव्हा पुण्यात थोरल्या बहिणीच्या, म्हणजे आक्काच्या, मूळ पेशी त्यांना चढवल्या. त्यानंतर त्यांच्या अंगात आक्काचं रक्त तयार होऊ लागलं. तिचा वाटा किती राहिलाय, हे अधूनमधून तपासायचं. तो घटू लागला, तर आजार परत येतोय याची ती पहिली चाहूल. त्यांचे डॉक्टर सांगलीतले, म्हणून नमुना मी घ्यायची आणि पुण्याला पाठवायची.

फलटणकडे दिलेली आक्का दर खेपेला सोबत यायची.

"परवा भाजीवालीशी घासाघीस केली बघा," सुभेदार सांगायचे. "फौजेत कवा केली न्हवती. ही आक्काच बोलती आतनं."

"मग माझी अक्कल कवा यायची?" आक्का विचारायची.

एकदा तिचा वाटा घटल्याचं कळलं. सुभेदार तर चांगले अंगानं भरलेले, रोज उसाला पाणी देणारे. डॉक्टरांच्या खोलीतून ते थेट माझ्याकडे आले.

"आक्काला सांगू नका. म्हणंल, माझंच रगत हलकं निघालं."

पण डॉक्टरांना तिच्याच आणखी पेशी हव्या होत्या. शेवटी आमच्या बाकावर बसून, खाली मान घालून त्यांनी सांगितलं, "आक्का, तू कमी व्हायला लागलीयास माझ्यात."

आक्कानं त्यांची मान वर केली. मग म्हणाली, "मग मागायचं की, येड्या. बहिणीकडं मागाय लाजतूस व्हय रं?"

तिनं पुन्हा दिलं. काही महिने वाटा वाढला. सुभेदारांनी अख्ख्या लॅबला पेढे वाटले.

मग तो पुन्हा उतरला. आता फारसं काही हातात नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.  सुभेदार मला म्हणाले, "आधी कळलं, ह्ये बरं झालं ताई. वैरी दिसायच्या आधी खबर आली, तर तयारीला येळ मिळतो."

मला वाटलं, वाटण्या, कागदपत्रं करतील. ते आक्काच्या गावी जाऊन राहिले. "तिचं लगीन झाल्यापास्नं तिच्या घरी चार दिस कवा राह्यलो न्हाई," म्हणाले. तिथे तिच्या गोठ्याचे पत्रे बदलले, दारात बसून तिच्या नातवंडांना कवायत शिकवली. अंगावर निळे डाग उठायला लागले, तेव्हाच परतले. फार दिवस काढले नाहीत.

मी रहिमतपूरला भेटायला गेले. सोप्यात बायका बसल्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, "दोनदा रगत दिलं माउलीनं, तरी गेला."

आक्का कोरड्या डोळ्यांनी म्हणाली, "एकटा न्हाई गं गेला. थोडी मीबी जळले त्याच्यासंगं."

 मग आक्का उठली, मला पाणी दिलं आणि अंगणात वाळत घातलेले सुभेदारांचे सदरे काढायला गेली.