तापीकडची खिडकी

लग्न झाल्यावर मी नवऱ्याकडे एकच हट्ट धरला. घर लहान चालेल, पण खिडकीतून काहीतरी बघण्यासारखं दिसलं पाहिजे. माझं माहेर नंदुरबारच्या एका बोळातलं. आमच्या खिडकीतून समोरच्यांची भिंत दिसायची आणि त्या भिंतीवर थापलेल्या त्यांच्या गोवऱ्या. दागिना मागितला असतास तर बरं झालं असतं, असं हे पुढे कितीतरी वेळा म्हणाले.

स्वातंत्र्य मिळून आठ-दहा वर्षं झाली असतील. यांची बदली शहादे तालुक्यात, तापीकाठच्या एका गावातल्या शाळेवर झाली. मला माहेरी ठेवून हे आधी घर शोधायला गेले. गाव गुजर शेतकऱ्यांचं, कापूस-केळीवर बरं चाललेलं. रस्त्यावरची माडीची घरं मास्तराच्या पगारात बसणारी नव्हती. परवडण्यासारखी एकच जागा निघाली, गावाच्या अगदी कडेला, कपाशी साठवायची एक अंधारी खोली. तिची मागची भिंत नदीच्या उतारावर होती, पण पूर्ण बंद. त्या ओळीतल्या एकाही घराला नदीच्या अंगाला खिडकी नव्हती. यांना वाटलं, शेतकरी माणसं, त्यांना कसली आलीय नदीची हौस!

घरमालक आजोबांना विचारून यांनी स्वतःच ती मातीची भिंत फोडली. आजोबा एवढंच म्हणाले, "मास्तर, तठे उजेड कसाले जोयजे?" यांनी हसून सांगितलं, उजेडासाठी नाही, देखाव्यासाठी.

मी आले आणि हरखूनच गेले. खाली झुडपांचा उतार, त्यातून शेळ्यांच्या वाटाव्यात अशा पायवाटा, मग वाळू, वाळूत टरबुजांच्या वाड्या आणि पलीकडे तापीचं वळण. उजाडलं की आम्ही दोघं खिडकीत बसून चहा प्यायचो. एका रविवारी यांनी शाळेतल्या दुसऱ्या मास्तरांनाही मुद्दाम पहाटे बोलावलं, देखावा दाखवायला. माहेरी कळवताना तर मी अशा थाटात कळवलं की जणू तापी आमच्याच मालकीची.

माहेरी घरामागे टोपलीचा संडास होता. इथे बायका पहाटे तांब्या घेऊन गोदरीला, म्हणजे गावाबाहेरच्या त्यांच्या ठरलेल्या आडोशाला, मिळून जायच्या. घरमालकीणबाई मलाही सोबत घेऊन जायच्या. वाट लांबची. गाव संपवून, नाला उतरून, बाभळींच्या पलीकडे जायचं. बाईंच्या सुनेचे दिवस भरत आले होते. तीही कमरेवर हात ठेवून आमच्या मागून चालायची. माझी रोजची कुरकुर चालू असायची आणि बायका ती ऐकून घ्यायच्या.

एका पहाटे नाल्याच्या चढावर सून मटकन खाली बसली. तिला पुढे चालवेना. मला राहवलं नाही. मी म्हटलं, एवढं लांब यायचंच कशाला? आमच्या घराखालचा उतार किती जवळ आहे, झुडपंही आहेत. शहाणपण शिकवायला मी मास्तरीण होतेच.

मग सुनेनेच मान खाली घालून सांगितलं, "पहिले तठेच जाऊत आम्ही. आते तठे तुमनी खिडकी व्हयनी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या पायवाटा मी शेळ्यांच्या समजत होते त्या या बायकांच्या होत्या. माझा नवरा पहाटे कुठे बसतो हे अख्ख्या गावाला माहीत होतं. देखाव्यासाठी भिंत फोडली, हेही यांनीच स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. वर दुसऱ्या मास्तरांना बोलावून दाखवलं होतं! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी रडवेली होऊन विचारलं, मग आम्हाला सांगितलं का नाही?

"मास्तरले कोन सांगी?" बाई म्हणाल्या. "पोरंसले शिकाडस तो."

घरी आले तेव्हा हे खिडकीपाशी दाढी करत होते. मी सांगितलं. अर्धी दाढी तशीच ठेवून हे खाली बसले. "मी कुणालाच कधी पाहिलं नाही गं," म्हणाले. पाहणार कसे? भिंत फुटली त्या दिवसापासून तिकडे कुणी फिरकलंच नव्हतं. पण ही गोष्ट गावात कुणाला आणि कोणत्या तोंडाने सांगायचं?

त्याच संध्याकाळी यांनी माती कालवून खिडकी बुजवली. आजोबा न बोलावता आले आणि पाणी आणून देत राहिले. त्यांनी एक शब्द विचारला नाही. विचारलं असतं, चार शिव्या दिल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाईंनी मला नेहमीसारखी हाक मारली. या वेळी सगळ्या जणी आमच्या घराखालच्या उतारावर गेल्या. सून पुढे होती, सावकाश पाय टाकत. झुंजुमुंजू होत होतं. मी तिथे बसले आणि वर पाहिलं. ओल्या मातीचा चौकोन मला वाटलं होतं त्याहून फार जवळ होता. त्या खिडकीत बसलेल्या माणसाचं तोंडसुद्धा ओळखू आलं असतं. माझी नजर तिथून हलेना.

बाई हळूच म्हणाल्या, "आते तठे नको देखू, बाई. आम्हीबी नही देखतस."